अबोलीला खुर्ची

दिवाळी सरली की परबभाऊंच्या घरात माणसांना खुर्ची मिळत नसे. चार लाकडी खुर्च्या होत्या, एक वेताची आरामखुर्ची होती, आणि होळीपर्यंत त्या सगळ्यांवर अबोलीच्या कुंड्या बसलेल्या असायच्या. तुम्ही साहेब असा, विम्याचे एजंट असा, नाहीतर लग्नाची पत्रिका घेऊन आलेले पाहुणे असा, तुम्हाला खाली सतरंजी. परबभाऊ दार उघडून तोंडभर हसत म्हणायचे, "या, या, बसा." आणि तुम्ही खुर्चीकडे वळलात की लगेच, "तिथं नको. खाली बसा, खाली ऐसपैस वाटतं."

एकदा मी विचारलंच. म्हटलं, "भाऊ, कुंड्या खाली ठेवा की. झाडाला काय खुर्ची आणि काय फरशी."

"शहाबादी फरशी आहे, बाई," ते म्हणाले. "पाय गारठतात."

"कुणाचे?"

"तिचे." आणि त्यांनी कुंडीच्या बुडाखालची घडी घातलेली गोधडी मला उचलून दाखवली. मी स्वतः त्या वेळी त्याच फरशीवर मांडी घालून बसले होते, अंगात स्वेटर होता तरी कुडकुडत होते, पण त्याबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं.

ही गोष्ट नाशिकरोडची, पंचाहत्तर सालाच्या आसपास सुरू झालेली. परबभाऊ आणि आमचे हे दोघेही नोटांच्या सरकारी प्रेसमध्ये कामाला, खातं वेगळं. मी महापालिका व्हायच्या आधीच्या नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण. आम्ही गायकवाड आणि ते परब, पहिल्या मजल्यावर शेजारी शेजारी. दोन्ही घरांच्या गॅलऱ्यांमध्ये कमरेएवढी भिंत. त्या भिंतीवरून साखर, पोहे, बातम्या आणि भांडणं सगळं इकडून तिकडे जायचं. एक अबोलीचं फूल तेवढं कधी आलं नाही.

अबोली माहीत नसेल तर सांगते. केशरी-गुलाबी रंगाचं, कागदासारखं पातळ फूल. वास म्हणाल तर अजिबात नाही. परबभाऊंच्या वेंगुर्ल्याकडे ती परसात, विहिरीकडेला, कुंपणाशी कुठंही उगवते आणि तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. बायका येता-जाता तोडतात, वळेसर विणतात आणि केसांत माळतात. वळेसर म्हणजे वेणीसारखा दाट गजरा. पण ते कोकण. तिथं थंडी म्हणजे माणसं पहाटे एक चादर पायांवर ओढून घेतात. आमच्या नाशकात थंडी पडते ती हाडांत शिरते. इथं द्राक्षं घ्या, पेरू घ्या, गुलाब घ्या, वाटेल ते घ्या. अबोलीचं इथं काय काम? पौषात तिची पानं काळी पडतात, गळतात, आणि उरते ती काडी. हे सगळं मी त्यांना पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. ते म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर आहे," आणि गोधडी शिवायला बसले.

त्यांचा शत्रू एकच, निफाड. संध्याकाळी रेडिओवर बातम्यांनंतर हवामान सांगायचे, आणि राज्यात सर्वांत कमी तापमान निफाडला, हे वाक्य हिवाळ्यात चार-आठ दिवसांनी यायचंच. आम्हा नाशिककरांना त्याचा छुपा अभिमान होता. कशात का होईना, आपला जिल्हा पहिला. पण भिंतीपलीकडे परबभाऊंचा आवाज चढायचा. "निफाडान डोळे वटारल्यान!" एरवी ते आमच्यासारखं साधं शहरी मराठी बोलत. घाबरले की मात्र मालवणी बाहेर यायची.

मग सुरू व्हायचं गाऱ्हाणं. कोकणात देवापुढं गाऱ्हाणं घालायची रीत आहे. एक जण मोठ्यानं मागणं मागतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला होकार भरतात. परबभाऊ दुपारी उन्हाला काढलेल्या कुंड्या आत घेऊन झाल्या की दाराची फट पोत्यानं बुजवायचे, खुर्च्यांसमोर हात जोडून उभे राहायचे आणि म्हणायचे, "बा देवा म्हाराजा! ह्या नाशकात राखणदार कोण आसा ता माका ठाऊक नाय. जो कोण असात त्यान आयक. निफाडचो वारो निफाडातच रवांदे रे म्हाराजा!"

आतून भाकरी थापता थापता इंदूवहिनींचा आवाज यायचा, "व्हय म्हाराजा." त्या आवाजात भक्तीपेक्षा कंटाळा जास्त असे. वहिनी म्हणजे परबभाऊंची बायको. बारीक चणीची, कमी बोलणारी, केस गुडघ्याला टेकतील एवढे लांब. पुढं पुढं आमचे हे भिंतीच्या अलीकडून मोठ्यांदा "व्हय म्हाराजा" म्हणायला लागले. पहिल्यांदा थट्टेनं. मग एकदा गावाला गेले होते तर परबभाऊ मला म्हणाले, "आज साहेब नाहीत, तुम्ही म्हणा." मी म्हटलं, "आमच्यात देवाला गाऱ्हाणं घालत नाहीत." त्यावर ते म्हणाले, "देवाला नको, निफाडाला घाला." आता निफाडाला घालायला हरकत नव्हती. घातलं.

उन्हाळ्यात उलटं. चैत्र लागला, गरम कोरडा वारा सुटला की अबोली खुर्चीवरून उठून न्हाणीघरात जायची. तिथं ओल असते, गारवा असतो, म्हणून. आंघोळीला बसायला पाटाएवढी जागा उरायची. परबभाऊ भिंतीकडे तोंड करून आंघोळ करत, असं वहिनी सांगायच्या. "म्हटलं, असं का, तर म्हणतात, एवढ्या जणी बघतायत."

आणि पावसाळ्यात अबोली माहेरपणाला जायची. खोटं वाटेल, पण खरं आहे. इगतपुरीला त्यांचा एक गाववाला रेल्वेत होता. तिथला पाऊस म्हणजे कोकणचाच सख्खा भाऊ. आषाढ लागला की परबभाऊ दोन्ही हातांत, काखेत, खांद्यावरच्या झोळीत कुंड्या घेऊन पॅसेंजर गाडीनं इगतपुरीला निघायचे आणि त्या मित्राच्या क्वार्टरच्या पडवीत ठेवून यायचे. एकदा तिकीट तपासनिसानं हटकलं, "हे काय सामान आहे?" तर परबभाऊ म्हणतात, "सामान नाही, लेकी आहेत. माहेराक चालल्यात." तपासनीस इगतपुरीचाच होता म्हणून सोडलं. नाहीतर त्याच गाडीतून ठाण्याला नेलं असतं. ठाणे म्हणजे वेड्यांचं, हे सांगायला नकोच.

मी हसत हसत हे वहिनींना सांगत होते, तर त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "झाडांना तरी आहे माहेर." आणि तांदूळ निवडायला लागल्या. तेव्हा मला एवढंच कळलं की या कधी माहेरी जात नाहीत. दिवाळी नाही, गणपती नाही, मे महिना नाही. विचारायचा धीर झाला नाही.

फुलांच्या बाबतीत माणूस कमालीचा चिक्कू. वरच्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांकडे सत्यनारायण होता, त्यांनी चार फुलं मागितली, नाही मिळाली. आमच्याकडे जयंती होती, बाबासाहेबांच्या फोटोला हार करायचा म्हणून मी मागितली, मलाही नाही. नकार देताना त्यांनी कधी भेदभाव केला नाही, हे मान्य केलं पाहिजे. चीड याची यायची की ती फुलं वहिनीसुद्धा माळत नव्हत्या. एवढे लांबसडक केस, आणि कायम मोकळे. मोगरा नाही, शेवंती नाही, काहीच नाही. फुलं झाडावरच सुकायची आणि गळायची. मग ही सगळी सर्कस कशासाठी? मी ह्यांना म्हणायचे, "त्या माणसाला पिकवायचं कळतं, वापरायचं कळत नाही." हे म्हणायचे, "तुला काय करायचंय."

मग धुराचं प्रकरण झालं आणि मला सगळं कळलं.

प्रेसमध्ये परबभाऊंच्या खात्यात जाधव म्हणून एक जण होते, निफाडचे, घरची द्राक्षबाग असलेले. शत्रूच्या गोटातलाच माणूस म्हणून परबभाऊ त्यांच्याकडून माहिती काढत असत. त्या वर्षी पौषात थंडीनं कहर केला. घरात बाटलीतलं खोबरेल दगड झालं. जाधव डबा खाता खाता म्हणाले, "परब, लय थंडी पडली ना, का आम्ही पहाटं बागंत धूर करतो. ओला पालापाचोळा जाळायचा, जाळ नाय होऊ द्यायचा, निस्ता धूर. तो बागंवर पसरून राहतो. मग मण्याला काय होत नाय." बाग उघड्या रानात असते आणि परबांची गॅलरी आमच्या स्वयंपाकघराला लागून, हे जाधवांनी सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत परबभाऊंनी सगळ्या कुंड्या खुर्च्यांवरून उठवून गॅलरीत नेल्या. घर राखत नाही, धूर राखतो, असं त्यांनी रात्रीत ठरवून टाकलं होतं. भोवती पोती टांगली, घमेल्यात गोवऱ्या आणि ओला पाला घातला आणि पेटवलं. धूर त्यांनी फारच छान केला. आमचं स्वयंपाकघर भरलं, जिना भरला, वरून कुलकर्णी माकडटोपी घालून खोकत खाली आले, "आग, आग" म्हणून कोणी तरी ओरडलं. आमचे हे झोपेतून उठले, गॅलरीत धावले, आणि रात्रभर बाहेर राहिलेली, बर्फासारख्या पाण्याची भरली बादली उचलून त्यांनी भिंतीवरून पलीकडे ओतली. मग दुसरीही ओतली. आग विझली. म्हणजे नव्हतीच, पण विझली.

धूर विरल्यावर दिसलं ते असं. परबभाऊ ओलेचिंब, गुडघ्यांवर बसलेले, आणि शर्टाच्या बाहीनं एकेक पान पुसत होते. आमचे हे बादली हातात धरून तसेच उभे. परबभाऊ रागावले नाहीत. "साहेब, तुमची काय चूक नाही," एवढंच म्हणाले. पाठीमागं दारात वहिनी उभ्या होत्या, आणि या बाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. धुराचं नव्हतं ते.

पानं दोन दिवसांत काळी पडली. मग सगळी गळाली. परबभाऊ रजा टाकून घरी बसले. मी भाजी घेऊन गेले तर ते काड्यांसमोर सतरंजीवर बसलेले, आणि वहिनी आत. मी आत गेले. वहिनी म्हणाल्या, "बाई, ती आईची अबोली होती." आणि मग बोलायला लागल्या. तीन-चार वर्षांत बोलल्या नसतील एवढं त्या दुपारी बोलल्या.

वेंगुर्ल्याजवळ दोघांची घरं शेजारी. मध्ये एक बांध, आणि त्या बांधावरून दोन्ही घरांत पिढीजात दावा. कोर्टात तारखा चालू आणि इकडे या दोघांचं जमलेलं. पळून जाऊन लग्न केलं, नाशकाला आले. वडिलांनी सांगितलं, ही आमाक मेली. त्यांच्याकडची रीत अशी की मुलगी सासरी निघाली, की बाळंतपण करून निघाली, की नुसती चार दिवस राहून निघाली, आईनं स्वतःच्या हातानं वळेसर विणून केसांत माळायचा आणि मग उंबरा ओलांडू द्यायचा. वहिनी मोकळ्या केसांनी निघाल्या होत्या. "इथं आल्यावर एकदा मी सहज बोलून गेले," वहिनी म्हणाल्या, "की आमच्या विहिरीवरच्या अबोलीला आता बहर आला असेल. एवढंच हं. मी आणा म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी हे एस.टी.त बसून गावाला गेले. सरळ आमच्या परसात शिरले. बाबा पुढ्यात येऊन उभे राहिले. म्हणाले, पोरगी न्हेलंस, आता झाड पण न्हेतंस? हे पुढं झाले. खाली बसले, मुळासकट एक झाड काढलं, पंच्यात गुंडाळलं आणि बाबांच्या पाया पडून निघाले. बाबांनी पाय मागं घेतले."

"मग तुम्ही माळत का नाही?" मी विचारलं.

"आई माळेल तेव्हा," त्या म्हणाल्या. "यांना वाटतं, ती येईल. येईल तेव्हा घरात फूल नको का? म्हणून हे सगळं." थोड्या वेळानं म्हणाल्या, "मला नाही वाटत."

त्या दिवसापासून मी परबभाऊंना वेडा म्हणायचं सोडलं. म्हणजे तोंडावर म्हणायचं सोडलं.

फाल्गुनात, होळीच्या आसपास, भिंतीपलीकडून हाका ऐकू आल्या, "बाई! साहेब! या, या!" गेलो. सगळ्या काड्या वाळून खडखडीत झाल्या होत्या, पण जुन्या झाडाच्या, म्हणजे वेंगुर्ल्याहून आणलेल्या मूळ झाडाच्या बुंध्याला मातीलगत एक हिरवा डोळा फुटला होता. तीळभर. आमच्या ह्यांनी चष्मा लावून बघितला, मग परबभाऊंचा हात धरला आणि सोडलाच नाही. बादलीचं ओझं उतरलं असावं. त्या एका खुंटापासून पुढं फांद्या लावून लावून पुन्हा खुर्च्या भरल्या. मूळ झाडाला मात्र तेव्हापासून वेताची आरामखुर्ची कायमची मिळाली. मऊ गादीसकट.

वर्षं गेली. प्रेसमधली भरती वाढली, नाशिकरोडला रिक्षा सुरू झाल्या, आमच्याकडे टीव्ही आला. आता निफाड रेडिओऐवजी टीव्हीवर डोळे वटारायला लागलं. परबभाऊंचे केस पिकले. अबोली हिवाळ्यात खुर्चीवर, उन्हाळ्यात न्हाणीघरात, पावसाळ्यात इगतपुरीला. वेंगुर्ल्याहून कोणी आलं नाही. तरी दर हिवाळ्यात गाऱ्हाणं व्हायचं. आम्ही तिघंही होकार भरायचो, आणि आता त्यात थट्टा नव्हती.

एका वर्षी नवल झालं. पौषात, ऐन थंडीत, अबोलीला फुलं आली. खुर्च्याच्या खुर्च्या केशरी. परबभाऊंनी आम्हाला बोलावून दाखवलं, अर्थात सतरंजीवर बसवून.

त्यानंतरच्याच एका रविवारी सकाळी आमच्या दाराची कडी वाजली. दारात एक म्हातारी उभी. नऊवारी पातळ, अंगावर शाल, कपाळ मोकळं. प्रवासानं दमलेली. म्हणाली, "परबांचा घर हयंच मां गो बाय? इंदू हयंच रवता?"

मी त्यांचा हात धरला आणि पलीकडच्या दारात नेलं. वहिनी हाताचं पीठ पुसत बाहेर आल्या आणि आईला बघून जागच्या जागी थांबल्या. त्यांची नजर आधी आईच्या कपाळाकडे गेली.

"बाबा?" त्या म्हणाल्या.

"पावसातच गेले," म्हातारी म्हणाली. "तुका कळवूक दिल्यानी नाय. हयच्या गंगेवर त्येंचा कार्य करूक इलंव. भाऊस तुझो खालती रिक्षात आसा. तो वर येवचो नाय. माका म्हणालो, अर्ध्या तासात ये."

उशिरा बातमी कळली की त्यांच्यात डोक्यावरून आंघोळ करतात. वहिनी न्हाणीघरात गेल्या. आतून पाण्याचा आवाज येत राहिला, बराच वेळ. परबभाऊ एवढ्या वर्षांत सासूसमोर पहिल्यांदाच उभे होते. त्यांना हात कुठं ठेवावेत कळत नव्हतं. सवयीनं म्हणाले, "या, बसा." आणि खुर्च्यांकडे बघून त्यांचा चेहरा पडला. ते घाईघाईनं कुंडी उचलायला निघाले, पण त्याआधीच म्हातारी खाली बसली होती. त्या घरात आलेल्या पाहुण्यांत खुर्चीकडे न वळलेली तीच एकटी. ती सरळ आरामखुर्चीसमोर, त्या मूळ झाडासमोर बसली. पानं दोन बोटांत धरून बघत राहिली.

"ही आमच्या बावीकडली," ती म्हणाली. बाव म्हणजे विहीर.

"होय," परबभाऊ म्हणाले. "हीच ती."

"थंय आता एक पण रवली नाय. झीलान पंप बसवल्यान तेवां सगळी उपटून टाकल्यान." ती थांबली. "मगे हे रोज सांजचे थंय जावन उभे रवत. बोलत कायच नाय."

झील म्हणजे मुलगा, आणि हे म्हणजे वहिनींचे वडील. ज्यांनी पाय मागं घेतले होते ते. परबभाऊंनी खाली मान घातली.

वहिनी ओल्या केसांनी बाहेर आल्या आणि आईजवळ बसल्या. म्हातारीनं शालीच्या टोकानं त्यांचे केस टिपायला घेतले. लहान मुलीचे टिपतात तसे, मुळापासून खाली. मी निघायला हवं होतं, पण माझा पाय निघेना. तेवढ्यात परबभाऊंनी एक गोष्ट केली. ज्या माणसानं कुलकर्ण्यांच्या देवाला आणि आमच्या बाबासाहेबांना चार फुलं दिली नव्हती, त्यानं खुर्च्याखुर्च्यांवरून फिरून सगळी फुलं तोडली. उमललेली तोडली, अर्धी उमललेलीही तोडली. ओंजळ भरून म्हातारीच्या पुढ्यात ठेवली. मग कपाटावरून एक जुडी काढली. केळीच्या सोपटाची, वळेसर ज्यावर विणतात त्याची. भिजवून मऊ करायला त्यांनी ती वाटीत पाण्यात टाकली. मी वहिनींकडे बघितलं. त्यांनाही हे माहीत नव्हतं. नंतर कळलं, ते दर वर्षी पंचवटीतून केळीचं सोपट आणून वाळवून ठेवत आणि जुनं टाकून देत.

म्हातारीची बोटं वाकडी झालेली, पण चालू लागली तशी चालतच राहिली. वळेसर विणून झाला. हातात धरून ती बसली, आणि मग तो तिनं मांडीवर ठेवला.

"माझ्या हातान नको गो," ती म्हणाली. "मी आता अशी. कोणा सवाष्णीक सांग. ह्या बायक सांग." तिनं माझ्याकडे बोट दाखवलं.

वहिनींनी फक्त जागा बदलली. आईकडे पाठ करून बसल्या, ओले केस मागं सोडले, आणि तशाच बसून राहिल्या. भिंतीकडे तोंड, पाठ ताठ. तशा त्या संध्याकाळपर्यंतसुद्धा बसल्या असत्या. म्हातारीनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा परबभाऊंकडे. मग तिनं केसांचा अंबाडा घातला आणि वळेसर माळला.

खालून रिक्षाचा भोंगा वाजला.

उठता उठता म्हातारी कुंड्यांकडे बघत म्हणाली, "माका एक दिशात?"

परबभाऊंनी आरामखुर्चीवरची कुंडी उचलली. मूळ झाडाची. वहिनी "अहो" म्हणाल्या, पण त्यांनी ऐकलं नाही. कुंडीला ओलं पोतं गुंडाळता गुंडाळता ते भराभर बोलत होते, मान वर न करता. "रात्री पाणी घालायचं नाही. सकाळी घालायचं, ऊन आल्यावर. फरशीवर ठेवू नका, खाली गोधडी घाला. पौषात संध्याकाळी न चुकता घरात घ्या. दाराच्या फटीला पोतं लावा. थंडी बाधते तिला. एकदा बाधली होती. फार बाधली होती."

म्हातारी ऐकून घेत होती. त्यांचं संपल्यावर तिनं कुंडीवरच्या त्यांच्या हातावर आपला हात ठेवला.

"आमच्याकडे थंडी खंय असता, जावयबापू?" ती म्हणाली.

परबभाऊ तसेच उभे राहिले. कुंडी खाली न्यायची होती, ते त्यांना सुधरेना. शेवटी मी भिंतीवरून आमच्या ह्यांना हाक मारली, आणि त्यांनी नेली. मी गॅलरीतून बघितलं. रिक्षातल्या माणसानं वर पाहिलं नाही. पण आई बसल्यावर त्यानं हात पुढं केले आणि कुंडी आपल्या मांडीवर घेतली.

संध्याकाळी मी पिठलं-भाकरी घेऊन गेले. त्या घरात आज चूल पेटली नसणार, हा माझा अंदाज. टीव्हीवर निफाडचा पारा उतरल्याचं सांगत होते. कुंड्या आत आलेल्या होत्या, फटीला पोतं लागलेलं होतं. फुलं मात्र एकाही झाडावर नव्हती. ती सगळी वहिनींच्या अंबाड्यात होती. वहिनी ताट घ्यायला उठल्या तर परबभाऊ त्यांच्याकडे बघत होते, इतकी वर्षं झाडांकडे बघायचे तसे.

मी सवयीनं सतरंजीकडे वळले.

"तिथं नको, बाई," परबभाऊ म्हणाले. "आज जागा आहे. बसा ना वर."

वेताची आरामखुर्ची रिकामी होती. मी बसले. एवढ्या वर्षांत त्या घरात पहिल्यांदा खुर्चीत बसले. गादी कुंडीच्या पाण्यानं चिंब ओली होती आणि थंडी लुगड्यातून सरळ आत शिरली. जेवणं होईपर्यंत तशीच बसून राहिले.